जुन्या जीपीओ ७५६ या बटणांच्या फोनमधली बॅटरी बदलता येते का? कोणती घालावी?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमध्ये सेकंडहँड घेतलेल्या १९७०च्या दशकातल्या जीपीओ (ब्रिटिश पोस्ट खात्याच्या) ७५६ फोनची घंटी वाजते, बोलणं स्वच्छ ऐकू येतं, पण बटणं दाबून नंबर लागत नाही, आणि आत हिरवी-पांढरी पावडर धरलेली बॅटरी दिसते. बॅटरी बदलता येते, आणि फोन वाचण्याची शक्यता चांगली आहे. पण नवे सेल मागवण्याआधी एक काम आजच करा. फोन लाइनपासून सोडवा आणि वायरी कापून जुनी बॅटरी बाहेर काढा. नवी महिनाभराने बसवली तरी चालेल, जुनी मात्र आणखी आठवडाभरही आत राहायला नको.

या फोनला बॅटरी का लागते ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं आपोआप कळेल. त्या काळी ब्रिटनमधली बरीच एक्स्चेंज स्ट्रोजर पद्धतीची, म्हणजे यांत्रिक स्विचवर चालणारी होती. त्यांना बटणांचे सूर कळत नसत. डायल फिरल्यावर लाइन किती वेळा तुटते एवढंच ती मोजत, सेकंदाला १० ठोके या वेगाने. माणूस बटणं त्याहून कितीतरी भराभर दाबतो. म्हणून ७५६ने दाबलेले आकडे आधी साठवून ठेवायचे आणि मग डायलच्या संथ चालीने एकेक करून लाइनवर पाठवायचे. हे काम करणाऱ्या तेव्हाच्या चिप नुसत्या लाइनच्या जिवावर चालणाऱ्या नव्हत्या. त्यांच्यासाठी निकेल-कॅडमियमची लहानशी बॅटरी दिली, आणि ती लाइनवरूनच हळूहळू चार्ज होत राहील अशी सोय केली. घंटी आणि बोलणं या बॅटरीवर अवलंबून नाही. त्यामुळे तुम्ही सांगितलेली लक्षणं थेट तिच्याकडेच बोट दाखवतात. (नंतरच्या बऱ्याच बटणांच्या फोनांत बॅटरीच नसते, चिप सुधारल्या आणि लाइनवर भागू लागलं. दुसरा कुठला फोन घेतलात तर आधी उघडून बघा.)

आता ती पावडर. निकेल-कॅडमियम सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे तीव्र अल्कली. ते बाहेर झिरपलं की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरे खडे होतात, आणि तांब्याला लागलं की हिरवं चढतं. खरा धोका दिसणाऱ्या पावडरीत नाही. हे द्रव वायरच्या प्लॅस्टिकच्या आतून सरकत जातं, विशेषतः निगेटिव्हच्या वायरीतून, आणि बोर्डापर्यंत पोचतं. त्या बोर्डावरची चिप आज दुकानात मिळत नाही. सेल काही पौंडांत येतील, चिप गेली तर दुसरा फोनच फोडावा लागेल. म्हणूनच एवढ्या घाईने सांगतोय.

हातमोजे आणि चष्मा घाला. कापण्याआधी फोटो काढा आणि कुठली वायर प्लसची, कुठली मायनसची, यावर चिकटपट्टी लावून खूण करा. वायरीच्या रंगावर विसंबू नका, आधी कुणीतरी दुरुस्ती केलेली असू शकते. मग वायरीचं टोक थोडं सोलून बघा. आतलं तांबं काळं पडलेलं असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा, किंवा सरळ नवी वायर टाका. काळ्या तांब्यावर सोल्डरिंगचा डाग धरत नाही. बोर्डावर क्षार असेल तर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कानकाडीने पुसा. अल्कलीवर आम्ल असल्यामुळे ते लगेच मऊ पडतं. त्यानंतर डिस्टिल्ड पाण्याने, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने. व्हिनेगर तसंच राहू दिलं तर तेही गंज धरवतं. चिपला बोटं लावू नका, तेव्हाच्या चिपना अंगातल्या स्थिर विजेचा झटकासुद्धा पुरतो.

कोणते सेल? जुन्या बॅटरीत सेल किती आहेत ते मोजा आणि दर सेलला १.२ व्होल्ट धरा. तीन असतील तर ३.६. नवे निकेल-कॅडमियम घरगुती वापरासाठी आता सहसा मिळत नाहीत, कारण कॅडमियम विषारी म्हणून युरोपात आणि ब्रिटनमध्ये त्यावर निर्बंध आले. निकेल-मेटल हायड्राइड घ्या. इथे मोठ्या क्षमतेचे सेल घेण्याचा मोह होतो, तो आवरा. हिशेबापुरतं धरा की लाइनवरून बॅटरीला ०.१ मिलिअँपिअर मिळतो, म्हणजे दिवसाला २.४ मिलिअँपिअर-तास. २,००० मिलिअँपिअर-तासांचा साधा सेल नुसता पडून दिवसाला एक टक्का जरी गमावत असला तरी २० गेले. गळक्या हौदात थेंबथेंब पाणी सोडल्यासारखं होतं ते, कधीच भरणार नाही. उलट एनेलूपसारखा, पडून कमी उतरणारा ८००चा सेल वर्षाला १५ टक्के गमावतो असं धरलं तर दिवसाला ०.३च्या आसपास जातात. असेच सेल घ्या, आकाराने जुन्यांच्या जागेत बसतील असे, आणि टोकांना पत्र्याच्या पट्ट्या जोडलेले. थेट सेलवर डाग मारू नका, उष्णतेने आतलं सील जातं आणि नवा सेलही गळू लागतो.

एक सापळा आहे. बाजारात ३.६ व्होल्टचे, पेन्सिल सेलच्या आकाराचे लिथियम सेल मिळतात. एका सेलमध्ये काम होईल असं वाटतं. पण ते चार्ज करण्याजोगे नसतात, आणि हा फोन त्यांना चार्ज करत राहील. ते घालू नका. मोबाइलची लिथियम बॅटरीही नको, आणि साधे अल्कलाइन सेलही नकोत.

नवे सेल बसवण्याआधी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्या, फोनवर सोडून भरतील ही आशा धरू नका. मग नंबर दाबा आणि थांबा. शेवटचं बटण दाबून झाल्यावरही रिसीव्हरमध्ये टक-टक चालूच राहील. शून्याचे तर दहा ठोके जातात. तो बिघाड नाही, फोन बरा झाल्याची खूण आहे. सेल ठीक असून एखादंच बटण बोलत नसेल तर त्या बटणाचे संपर्क साफ करा.

जुने सेल कचऱ्यात टाकू नका. ब्रिटनमध्ये वर्षाला ३२ किलोहून जास्त बॅटऱ्या विकणाऱ्या दुकानांना वापरलेल्या बॅटऱ्या फुकट परत घ्याव्या लागतात, तिथल्या डब्यात टाका.

आणखी एक गोष्ट, खर्च करण्याआधी. ब्रिटनमधलं जुनं टेलिफोन नेटवर्क जानेवारी २०२७च्या अखेरीला बंद होणार आहे. त्यानंतर फोन इंटरनेटच्या राउटरला किंवा अडॅप्टरला जोडावा लागेल, आणि ठोके कळणं हे प्रत्येकाला जमत नाही. ग्रँडस्ट्रीम कंपनीच्या एचटी ८०१ आणि ८०२ या अडॅप्टरना ते कळतात. तुमच्या घरी जे यंत्र आहे त्याच्या माहितीपत्रकात पल्स डायलिंग (म्हणजे ठोक्यांनी नंबर लावणं) असं लिहिलंय का, ते आधी बघून घ्या.