फोर्डने फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या मोटार शर्यतीत फेरारीला फक्त पैशाच्या जोरावर हरवलं का?

पैसा ओतला होता, यात वादच नाही. पण तेवढ्याने भागलं असतं, तर फोर्ड 1964 सालीच जिंकली असती.

मे 1963 मध्ये एंझो फेरारींनी कंपनी फोर्डला विकण्याची बोलणी ऐनवेळी मोडली, कारण रेसिंग संघावरचा ताबा सोडायची त्यांची तयारी नव्हती. फोर्डचे प्रमुख हेन्री फोर्ड दुसरे इरेला पेटले. पुढच्याच वर्षी फोर्डच्या तीन जीटी40 शर्यती गाड्या ल मान्सला उतरल्या. दोघींच्या गिअरबॉक्सने दगा दिला, तिसरीला आग लागली. 1965 मध्ये दोन गाड्यांना 7 लिटरचं इंजिन बसवलं, तरी एकही जीटी40 चोवीस तास टिकली नाही. फेरारीने सलग सहाव्यांदा शर्यत मारली. दोन वर्षं पैसा पाण्यासारखा खर्च होऊन हाती काही लागलं नव्हतं.

मग 1966 मध्ये फोर्ड जिंकली, तेव्हा काय बदललं? मी ब्रेक डिस्कच्या चाचण्यांचं काम करतो, त्यामुळे माझं उत्तर थोडं एकांगी वाटेल, पण मला ते मनापासून पटतं: फोर्डने ब्रेकचा प्रश्न सोडवला.

तेव्हा ल मान्सच्या मार्गावरचा मुल्सानचा सरळ रस्ता सुमारे 6 किलोमीटरचा, मध्ये एकही अडथळा नाही. मार्क टू, म्हणजे 7 लिटरची जीटी40, तिथे ताशी 320 किलोमीटरच्या पुढे जायची आणि शेवटी ताशी 60च्या आसपास घ्यावं लागणारं वळण. वेग दुप्पट झाला की ब्रेकने गिळायची ऊर्जा चौपट होते, आणि ही गाडी फेरारीपेक्षा बरीच जड. सरळ रस्त्यावर वाऱ्याने डिस्क गार पडायची, पेडल दाबताच काही सेकंदांत लालभडक व्हायची. गार, लाल, पुन्हा गार. बिडाला हेच सोसत नाही. पृष्ठभागावर आधी केसासारख्या बारीक चिरा दिसतात, मग त्या कडेपर्यंत जातात आणि डिस्क फुटते. 1966 च्या विजेत्या गाडीने 360 फेऱ्या मारल्या, म्हणजे त्या एकाच वळणावर 360 वेळा हा मार खाल्ला. चोवीस तास टिकेल अशी डिस्क काही मिळेना, तेव्हा फोर्डच्या गाड्या शर्यतीत उतरवणाऱ्या कॅरोल शेल्बीच्या संघातल्या फिल रेमिंग्टनने उलटा विचार केला. डिस्क टिकणार नसेल, तर पॅडबरोबर तीही पिटमध्ये झटपट बदलता आली पाहिजे. त्याने तशी रचना करून दिली.

पैसा खऱ्या अर्थाने कामी आला तो डायनोवर, म्हणजे इंजिन जागेवरच चालवून तपासणाऱ्या यंत्रावर. इंजिन आणि गिअरबॉक्स प्रयोगशाळेत बसवून ल मान्सची फेरी, कुठे गिअर बदलायचा आणि कुठे पूर्ण थ्रॉटल द्यायचा यासकट, तासन्‌तास चालवून पाहिली. त्या काळात अशी चाचणी फेरारीच्या आवाक्याबाहेरची होती. शिवाय त्या वर्षी इटलीतल्या कामगारांच्या संपाने फेरारीची तयारी रखडली, आणि त्यांचा आघाडीचा चालक जॉन सर्टीज शर्यतीच्या तोंडावर भांडून संघ सोडून गेला. फोर्डच्या गाड्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आल्या.

पैशाचा मुद्दा खोडून काढणारं याहून चांगलं उदाहरण मात्र शेल्बीच्याच डेटोना कूपे या बंद गाडीचं आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. शेल्बीची उघड्या छताची कोब्रा गाडी मुल्सानवर वाऱ्याशी झगडण्यातच दमायची. तरुण पीट ब्रॉकने त्याच सांगाड्यावर निमुळतं, मागून कापल्यासारखं बंद शरीर चढवलं. 1964 ला डॅन गर्नी आणि बॉब बाँड्युरंटने ल मान्सला फेरारी 250 जीटीओंना मागे टाकून जीटी गट, म्हणजे रस्त्यावरच्या वेगवान गाड्यांवर आधारलेल्या गाड्यांचा गट, जिंकला. 1965 ला मोठ्या जीटी गाड्यांचं जागतिक अजिंक्यपद शेल्बीकडे आलं. एकूण सहाच कूपे बनल्या, त्यातल्या पाचांची शरीरं इटलीतल्या मोडेना शहरात घडली, फेरारीच्या अंगणात! अमेरिका विरुद्ध युरोप अशी सरळ रेघ ओढताच येत नाही, ती यामुळे. जीटी40 ची सुरुवातही इंग्लंडमधल्या लोला गाडीवरून झाली, आणि 1965 ला ल मान्स जिंकणारी फेरारी अमेरिकेतल्या संघाची होती.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जीटी40 चाचण्या घेत-घेत तयार केली शेल्बीच्या संघातला चालक केन माइल्सने. 1966 ला त्याने अमेरिकेतल्या डेटोना आणि सेब्रिंग या शर्यती जिंकल्या होत्या आणि ल मान्सलाही तो पुढे होता. फोटोसाठी गाड्या एकत्र आणा, असा वरून आदेश आला. मॅक्लारेन आणि एमन या चालकांची फोर्डचीच दुसरी गाडी सुरुवातीला मागे उभी होती, म्हणून तिने जास्त अंतर कापलं असं ठरलं आणि विजय त्यांना गेला. तो आदेश चुकीचाच होता, असं माझं ठाम मत आहे. दोनच महिन्यांनी कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला फोर्डच्या पुढच्या मॉडेलची चाचणी घेताना माइल्स अपघातात गेला. त्या अपघातानंतर त्याच मॉडेलवरून घडलेल्या मार्क फोरमध्ये पोलादी पिंजरा बसवला गेला. 1967 च्या ल मान्सला मारिओ आंद्रेत्तीची गाडी पहाटे भिंतीवर आदळली, तेव्हा तो त्या पिंजऱ्यामुळे वाचला. त्याच शर्यतीत गर्नी आणि फॉइट, म्हणजे अमेरिकी गाडीत अमेरिकी चालक, फेरारीच्या पी4 ला चार फेऱ्यांनी मागे टाकून पहिले आले.