तलवार उपसून तोफखान्यावर: बॅरन गिलेटबद्दल तुमचे प्रश्न

इटालियन घोडदळातला बॅरन अमेदेओ गिलेट (१९०९–२०१०) याच्याविषयी वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न: उमराव घराण्यातला म्हणून बढत्या झटपट मिळाल्या असतील ना?

दारे उघडली, हुद्दा नाही वाढला. घराणे इटलीच्या साव्हॉय राजांच्या पिढीजात सेवेतले. गिलेट १९३० मध्ये मोदेनाच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडला. घोड्यावर इतकी पक्की मांड की १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी त्याची निवड झाली होती. ते सोडून, ओळखीपाळखी वापरून तो इथिओपियाच्या स्वारीवर गेला. इटलीने विषारी वायू वापरला ती हीच स्वारी. गिलेटचे गोडवे गाणारे हे हटकून गाळतात. पुढे पूर्व आफ्रिकेतला इटलीचा व्हाइसरॉय, आओस्ताचा ड्यूक, याने त्याच्या हाती स्थानिक स्वारांची मोठी फौज दिली, तेव्हाही तो नुसता लेफ्टनंटच होता.

प्रश्न: घोडदळाने तोफा-रणगाड्यांवर खरेच चाल केली? जगातली शेवटची म्हणतात.

चाल खरी, ‘शेवटची’ खोटे. दुसरे महायुद्ध, २१ जानेवारी १९४१, इटलीच्या ताब्यातल्या इरिट्रियातले केरू. माघार घेणाऱ्या इटालियन पायदळाला थोडी उसंत हवी होती. पहाटे गिलेटचे स्वार तलवारी आणि हातबॉम्ब घेऊन ‘गझेल फोर्स’ या ब्रिटिश-भारतीय तुकडीत घुसले. गोलंदाजांनी तोफांची तोंडे जमिनीलगत आणून अगदी जवळून मारा केला. लेफ्टनंट रेनातो तोन्यी मूठभर स्वारांनिशी रणगाड्यांवर गेला आणि मारला गेला. पायदळ निसटले, किंमत मोजली ती मुख्यतः इरिट्रियन, इथिओपियन आणि येमेनी स्वारांनी, आणि त्यांची नावे कुणी घेत नाही. राहिला ‘शेवटची’चा मुद्दा, तर ऑगस्ट १९४२ मध्ये रशियात इझबुशेन्स्कीला इटालियन घोडदळानेच आणखी एक चाल केली होती.

प्रश्न: पराभवानंतर तो सापडला कसा नाही?

१ एप्रिल १९४१ ला इरिट्रियाची राजधानी अस्मारा पडली. याने वर्दी उतरवली, काही महिने गनिमी काव्याने ब्रिटिशांना सतावले. मग अरबी नाव घेऊन मसावा बंदरात पाणी विकले आणि येमेन गाठले. अरबी अस्खलित होती, म्हणून निभावले. १९४३ मध्ये रेड क्रॉसच्या जहाजातून लपतछपत इटलीत परतला.

प्रश्न: मग लष्कर का सोडले?

शपथ राजाची होती. १९४६ च्या जनमत कौलाने राजेशाही गेली, तसा तोही गेला. पुढे परराष्ट्र सेवेत शिरला: येमेन, जॉर्डन, मोरोक्को आणि १९७१ पासून भारत.

प्रश्न: आपल्या मराठा पलटणीशी त्याची गाठ पडली का?

केरूला समोर भारतीय रेजिमेंट होती ती स्किनर्स हॉर्स. मराठे लढले ते मार्च १९४१ मध्ये इरिट्रियातल्याच केरेनच्या डोंगरांत: पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. तिच्या ब्रिगेडचा प्रमुख होता फ्रँक मेसर्व्ही. केरूला गिलेटने चाल केली, तेव्हा गझेल फोर्सही त्याच्याच हाताखाली होती.