वाचकांचे प्रश्न : अनोळखी चेहऱ्यांची छायाचित्रे

प्रश्न : घरातला जुना ३५ मिमी कॅमेरा दुरुस्त करून घेतला असून, त्यात कृष्णधवल रोल घालून मी एसटी स्थानक, सलून, बाजार अशा ठिकाणी अनोळखी माणसांची छायाचित्रे काढतो. मित्र म्हणतात, यात ना प्रसंग, ना ओळखीचा चेहरा. मग ही कला कशी? न विचारता छायाचित्र काढणे कधी कधी मलाही खटकते. शिवाय स्थानकाच्या छपराखाली चेहरे काळे पडतात. मार्गदर्शन करावे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : परवानगीचा प्रश्न सर्वांत अवघड, म्हणून तो आधी घेतो. अमेरिकन छायाचित्रकार वॉकर इव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतील प्रवाशांची छायाचित्रे घेतली, तीही कोटाच्या बटणांमधून फक्त भिंग डोकावेल अशा बेताने कॅमेरा लपवून आणि शटरची तार बाहीतून तळहातापर्यंत आणून. प्रवाशांना अर्थातच पत्ता लागला नाही. मात्र ती छायाचित्रे पुस्तकरूपाने आली १९६६ साली, पाव शतक उलटल्यावर. चोरून टिपण्याचे समर्थन मी करणार नाही. पण टिपणे आणि चारचौघांत मांडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि खरी जबाबदारी दुसरीत आहे, हे इव्हान्स यांच्या उदाहरणावरून दिसते.

दुसरे अमेरिकन छायाचित्रकार फिलिप-लॉर्का डिकोर्सिया यांनी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअर या गजबजलेल्या चौकात फ्लॅश उंचावर बसवून, दुरून वाटसरूंचे चेहरे टिपले. त्यांपैकी एका ज्यू गृहस्थाने धार्मिक श्रद्धेचे कारण देऊन दावा लावला, तो न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २००६ मध्ये, ही कलाकृती आहे असे मानून फेटाळला. तो निकाल तिथला आहे, आपल्याकडचा परवाना नव्हे. आणि दावा फेटाळला गेला म्हणून त्या गृहस्थांचे दुखावणे खोटे ठरत नाही. तेव्हा कोणी हात आडवा केला, तर कॅमेरा मुकाट्याने खाली घ्यावा आणि झोपलेल्या किंवा असहाय माणसाला आयता विषय समजू नये.

आता मित्रांच्या आक्षेपाकडे वळू. ओळखीचा चेहरा दिसला की आपण नाव आठवतो आणि पाहणे तिथेच थांबते. अनोळखी माणसाच्या बाबतीत ही सोय नसल्यामुळे नजर पिशवीच्या बंदावर आवळलेल्या बोटांकडे, उसवलेल्या कॉलरकडे, सलूनच्या आरशात उलट्या दिसणाऱ्या कॅलेंडरकडे जाते. शिकागोत मुले सांभाळण्याची नोकरी करणाऱ्या व्हिवियन मायर यांची छायाचित्रे पाहावीत. त्यांचा रोलिफ्लेक्स कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून वरच्या काचेत पाहायचा असल्यामुळे समोरच्या माणसावर डोळा रोखला जात नाही आणि चित्र किंचित खालून येते. त्यामुळे रस्त्यावरची साधी बाईही त्यात भारदस्त दिसते. २००७ साली त्यांच्या सामानाचा लिलाव झाला तेव्हाच हा ठेवा बाहेर आला; त्यातले कितीतरी रोल धुतलेलेही नव्हते.

माझ्या मते कला शटर दाबण्यात थोडी आणि निवडीत अधिक असते. रोल धुऊन येईपर्यंत जो वेळ जातो, त्यात त्या क्षणाचा उत्साह ओसरतो, आणि हा फिल्मचा मोठाच उपकार आहे. छत्तीस चित्रांच्या काँटॅक्ट शीटमधून (म्हणजे अख्ख्या रोलची चित्रे छोट्या आकारात एकत्र छापलेल्या कागदातून) दोन निवडली तरी पुष्कळ झाली. मात्र एकाच स्थानकाची अशी निवडक चित्रे वर्षभर जमवत गेलात, तर ती एकमेकांना अर्थ देऊ लागतील.

काळ्या चेहऱ्यांचे कारण सोपे आहे : छपराबाहेरचे ऊन प्रकाश मोजणाऱ्या मीटरला फसवते. मोजमाप सावलीतल्या चेहऱ्यावर किंवा सावलीत धरलेल्या स्वतःच्या तळहातावर घ्यावे. कृष्णधवल निगेटिव्ह जास्त प्रकाश बराच सोसते, कमी प्रकाश मात्र सोसत नाही. म्हणून ४०० आयएसओच्या (फिल्मची प्रकाशसंवेदनशीलता) रोलसाठी मीटर २०० वर ठेवला, म्हणजे फिल्मला दुप्पट प्रकाश दिला, तरी चालते. ५० मिमीचे भिंग असेल, तर भिंगाचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ-८ वर ठेवून फोकसचे अंतर तीन मीटरवर आधीच बांधून ठेवावे; सुमारे अडीच ते चार मीटरपर्यंतचा माणूस स्पष्ट येईल आणि प्रत्येक वेळी त्याच्यासमोर फोकस जुळवत उभे राहावे लागणार नाही.