उश्गुलीचं लमारिया चर्च: आधी म्युझियम, मग वर

भाऊ, तुम्ही विचारून राहिले की सप्टेंबरात जॉर्जियाला चाललोय, तिथल्या डोंगराळ स्वानेती भागातल्या मेस्तियात दोन रात्री आहेत, तर वरच्या उश्गुली गावातलं ते एवढंसं दगडी चर्च पाहायला अख्खा दिवस घालवायचा काय. घालवा न! पण नागपुरातल्या सदरचं मोठं कॅथेड्रल डोक्यात धरून गेले तर हिरमोड होईन. लमारिया म्हणजे एक लांबट खोली, टोकाला अर्धगोल भाग, आत जुनी भित्तिचित्रं, तीही विटलेली. नवव्या-दहाव्या शतकातलं मानतात.

आता खरी गंमत. चर्चभोवती दगडी कोट आहे आन त्यातच बुरूज. देवळाला बुरूज काहून? तर खाली मैदानात आक्रमणं झाली की मूर्तिचित्रं, पोथ्या, चांदीचं सामान वर स्वानेतीत आणून ठेवत, कारण इथवर फौज आणणं कोणाच्याच बसचं नव्हतं. म्हणून एवढ्या आडबाजूच्या डोंगरात एवढं जुनं टिकलं. त्यातलं बरंच आज मेस्तियाच्या म्युझियममधे आहे, आदिशी गावची ८९७ सालची शुभवर्तमानाची (बायबलातल्या येशूचरित्राची) पोथीसुद्धा. लोक घाईत म्युझियम सोडतात न थेट जीप पकडतात, आन मग वर जाऊन म्हणतात "बस, एवढंच?" पहिल्या दिवशी म्युझियम कराच, मग ते चर्च नुसतं फोटोचं बॅकग्राऊंड राहात नाही.

दुसरं म्हणजे मेस्तियाची एक रात्र कॅन्सल करून उश्गुलीत टाका. अंतर ४५ किमीच्या आसपास, पण डोंगरातला रस्ता आहे, पाऊस लागला की हिशेब कोलमडतो. डे-ट्रिपवाले सगळे दुपारीच येतात, चर्चमधे उभं राहायला जागा नसते. सकाळी लवकर गेलं की अंगण तुमचं, आन आभाळ मोकळं असलं तर समोर श्खारा डोंगर, ५,००० मीटरच्या वरचा, जॉर्जियातला सगळ्यात उंच. दार कुलूपबंद असलं तर गेस्टहाऊसवालीला विचारा, चावी कोणाकडे असते ते तिला माहीत असतं. बायकांनी डोकं झाकायचं, स्कर्ट नाहीतर ओढणी गुंडाळायची, पुरुषांनी हाफ पँट नको. आत फोटो विचारल्याशिवाय काढू नका, प्लीज.

जॉर्जियाची मध्ययुगातली राणी तामार तिथंच कुठंतरी पुरली आहे असं गाववाले सांगतात. दंतकथाच ती, पण ऐकायला मजा येते.

जेवणाचं म्हणाल तर कुबदारी म्हणजे भरलेली रोटी, तिच्यात मांस असतं, शाकाहारी असाल तर ताश्मिजाबी मागा, बटाटा आन चीजचा लगदा, पोट मस्त भरतं. स्वानेतीचं मीठ मात्र घेऊन या, लसूण, धने, मेथीच्या जातीतला मसाला टाकलेलं, आपल्या जवसाच्या चटणीसारखं कशावरही भुरभुरा. आन उश्गुली २,१०० मीटरवर आहे, आपला डिसेंबरातला स्वेटर तिथं सप्टेंबरच्या रात्रीही कमीच पडतो, जॅकेट न्या.