शिखर ‘सर’ होतं म्हणजे नेमकं काय होतं?

प्रश्न असा आला आहे: ‘शिखर सर केलं’ यातलं ‘सर’ कुठलं? ‘पुढे सर’मधल्या सरण्याशी त्याचं नातं आहे का? आणि डोंगराला कुणी जिंकत नसतं असं बरेच गिर्यारोहक म्हणतात, तर मग हा शब्द सोडून द्यावा का? आणि वापरायचाच तर वाक्यात चालवायचा कसा?

आधी नात्याचं. ‘सरणे’ हे क्रियापद संस्कृत ‘सृ’ धातूचं. पुढे सरा, दिवस सरला, पीठ सरलं, हे सगळे त्याचे प्रयोग. पावसाची सर, मोत्यांचा सर, ‘त्याची सर याला नाही’ हे आणखी वेगळे. ‘सर करणे’मधलं ‘सर’ यांच्यापैकी कुणाचंच नाही. ते फारसी आहे आणि त्याचा अर्थ डोकं. संस्कृत ‘शिरस्’ आणि फारसी ‘सर’ ही एकाच मूळ शब्दाची दोन रूपं, म्हणजे आपलं शिर आणि हे सर सख्खी भावंडंच. सरदार, सरपंच, सरन्यायाधीश, सरचिटणीस यांत जो ‘प्रमुख’ बसला आहे तो हाच. सरहद्दीतही हाच आहे, पण तिथे त्याचा अर्थ टोक. डोकं, प्रमुख, टोक, माथा अशी या शब्दाची व्याप्ती आहे. फारसीत डोंगर म्हणजे ‘कोह’, कोहिनूरमधला, आणि ‘सर-ए-कोह’ म्हणजे डोंगरमाथा. शिखरासाठी आपण हा शब्द वापरतो तेव्हा नकळत तो त्याच्या मूळ अर्थाच्या अगदी जवळ जाऊन पोचतो, याचा मला फार आनंद वाटतो.

हिमालयातल्या मोहिमांमध्ये शेर्पांच्या आणि भारवाहकांच्या प्रमुखाला ‘सरदार’ म्हणतात. १९५३ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेचे सरदार होते तेनझिंग नोर्गे. म्हणजे २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्ट सर झालं तेव्हा ‘सर’ हा शब्द तिथे दोनदा हजर होता, एकदा कामगिरीत आणि एकदा तेनझिंग यांच्या हुद्द्यात. हिलरींच्या नावाआधी नंतर लागलेलं ‘सर’ मात्र परक्या घरचं. ते इंग्रजीतून आलं, आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या ‘वडीलधारा’ या अर्थाच्या शब्दात आहे. उच्चार जुळतात, एवढंच.

आता अर्थाकडे. मराठीत आधी किल्ले सर झाले, मुलूख सर झाले, मग शिखरं. हा एकटा शब्द तसा आलेला नाही, त्याचा सगळा गोतावळाच सैन्यातून डोंगरावर आला. ‘चढाई’ शत्रूवरही होते आणि कड्यावरही. ‘मोहीम’ मूळ अरबी, ‘महत्त्वाचं’ या अर्थाच्या शब्दापासून आलेली. ती लढाईची झाली आणि मग डोंगराची. तळ, छावणी, तुकडी, माघार, सगळे लष्करी शब्द. ‘मोहीम फत्ते’मधलं ‘फत्ते’ अरबी ‘फतह’पासून आलं, आणि त्या धातूचा मूळ अर्थ ‘उघडणे’ असा आहे. फ्रेंच गिर्यारोहक आजही नव्या मार्गाबद्दल बोलताना ‘मार्ग उघडला’ असंच म्हणतात. कुठल्या कुठल्या भाषा एकाच प्रतिमेपाशी येऊन थांबतात, ते पाहण्यासारखं आहे.

हे लष्करी शब्द नुसत्या हौसेने आलेले नाहीत. त्या काळची गिर्यारोहणाची पद्धतच तशी होती. १९५३च्या मोहिमेचे नेते जॉन हंट हे सैन्यातले अधिकारी. साडेतीनशेहून जास्त भारवाहक, मग एकावर एक छावण्या, प्रत्येक छावणीत वाहून नेलेलं अन्न, इंधन, प्राणवायूच्या नळ्या. नववी छावणी साधारण ८५०० मीटर उंचीवर होती, ती फक्त हिलरी आणि तेनझिंग यांच्या एका रात्रीसाठी. मागे शेकडो माणसांचे कष्ट आणि पुढे दोघे, ही रचना किल्ल्याला घातलेल्या वेढ्यासारखीच होती. इंग्रजीतही या पद्धतीला वेढ्याचंच नाव आहे. तिच्या उलट दुसरी आल्प्सची पद्धत: लहान तुकडी, पाठीवर मावेल तेवढंच सामान, आधी रोवून ठेवलेले दोर नाहीत, खालून एका दमात वर. राइनहोल्ड मेस्नर १९८० साली ऑगस्टमध्ये प्राणवायूच्या नळीशिवाय आणि एकटे एव्हरेस्टच्या माथ्यावर गेले. तिथे ना वेढा होता ना फौज. तरी आपण ‘सर केलं’ असंच म्हणतो आणि ते कानाला खटकत नाही. कारण लढाईचा अर्थ त्या शब्दातून बराचसा झिजून गेला आहे, जसा ‘सरपंच’ म्हणताना कुणाला डोकं आठवत नाही. उर्दूतही ‘मुहिम सर करना’ म्हणजे अवघड काम तडीस नेणं.

पण मला हा शब्द खरा कळला तो कांचनजंगाच्या हकिकतीतून. उंची ८५८६ मीटर, जगातलं तिसरं शिखर, आणि सिक्कीमच्या लोकांसाठी पवित्र. १९५५ साली चार्ल्स इव्हान्स यांची ब्रिटिश तुकडी निघाली तेव्हा त्यांनी सिक्कीमच्या चोग्यालांना, म्हणजे तिथल्या राजाला, शब्द दिला होता की माथ्यावर पाऊल ठेवणार नाही. २५ मे रोजी जॉर्ज बँड आणि जो ब्राउन शेवटच्या टप्प्यावर पोचले आणि पुढे उभा राहिला एक कातळ, त्यात वीसेक फुटांची उभी भेग, वरच्या बाजूला किंचित पुढे झुकलेली. ब्राउन हे भेगा चढण्यातले उस्ताद. या तंत्रात पकडायला काही नसतंच. हात सपाट करून भेगेत घालायचा, अंगठा तळव्यात दुमडायचा, की तळवा फुगतो आणि दोन्ही भिंतींवर दाबून बसतो. त्या दाबावर शरीर तोलायचं, मग दुसरा हात वर. समुद्रसपाटीवरसुद्धा याने हातांची सालटी निघतात. ब्राउन यांनी ते साडेआठ हजार मीटरच्या वर केलं. भेगेच्या वर आले तर समोर काही पावलांवर बर्फाचा माथा, जाण्यासारखा, अडथळा काही नाही. ते दोघे तिथेच थांबले. दुसऱ्या दिवशी नॉर्मन हार्डी आणि टोनी स्ट्रीथर आले, तेही थांबले. नंतरच्याही अनेक तुकड्यांनी हा संकेत पाळला.

आता सांगा, कांचनजंगा सर झालं की नाही? झालं, आणि जगभर त्याची तशीच नोंद आहे. पण ‘पादाक्रांत’ झालं का? नाही. ‘पादाक्रांत’ म्हणजे पायाने आक्रमलेलं, पायाखाली घातलेलं; आणि इथे नेमकं पाऊलच ठेवलेलं नाही. म्हणून माझं मत असं: ‘सर करणे’ खुशाल वापरा. ‘पादाक्रांत करणे’, ‘काबीज करणे’, ‘नमवणे’ हे मात्र शिखरांसाठी सोडून द्या. त्यांच्यात हरलेला पक्ष गृहीत धरलेला आहे, आणि शिखर हरत नाही. काल जसं होतं तसंच ते उद्याही असतं.

‘अजिंक्य’ या शब्दाची तर नेहमी चूक होते. ‘आजवर अजिंक्य असलेलं शिखर अखेर सर’ असे मथळे येतात. अजिंक्य म्हणजे जिंकता न येणारं. सर झालं, तर ते अजिंक्य नव्हतंच. भूतानमधलं गांगखार पुएन्सुम, ७५७० मीटर, हे जगातलं कुणीही न चढलेलं सर्वांत उंच शिखर. तेही अजिंक्य म्हणून शिल्लक राहिलेलं नाही. भूतानने १९९४ साली ६००० मीटरवरच्या शिखरांना बंदी घातली आणि २००३ पासून गिर्यारोहणच पूर्ण बंद केलं, म्हणून ते तसं आहे. नेपाळमधल्या माछापुच्छ्रेचंही असंच. १९५७ साली विल्फ्रिड नॉइस आणि डेव्हिड कॉक्स माथ्याच्या साधारण ४५ मीटर खालून परतले, आणि त्या शिखराचे परवाने आता मिळत नाहीत. अशा वेळी सरळ ‘कुणीही न चढलेलं’ म्हणावं. लांब पडतं, पण खरं असतं.

‘सर करणे’बद्दल माझी एक तक्रार मात्र आहे, आणि ती लढाईची नाही. या शब्दात उतरणं नाही. ‘आरोहण’ला ‘अवरोहण’ हा जोडीदार आहे, गाण्यातल्या आरोह-अवरोहासारखा. ‘सर’ माथ्यावर संपतो. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिंपर यांच्यासह सात जण आल्प्समधल्या मॅटरहॉर्नच्या माथ्यावर पहिल्यांदा पोचले. शिखर सर झालं. उतरताना हॅडो यांचा पाय घसरला, त्यांनी पुढच्या क्रोझना धडक दिली, त्यांच्याबरोबर हडसन आणि डग्लस ओढले गेले, आणि मग डग्लस व थोरले टाउगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला. सातांपैकी चार गेले. ‘मॅटरहॉर्न सर झालं’ एवढ्या वाक्यात त्या दिवसाचा निम्मा भाग येतच नाही. म्हणून अहवाल लिहिताना मी ‘सर करून सुखरूप उतरले’ असं पूर्ण लिहिण्याचा आग्रह धरतो. जोडायला दोनच शब्द लागतात.

प्रस्तरारोहणात हा शब्द तितकासा बसत नाही. तिथे ध्येय माथा नसून मार्ग असतो. अमेरिकेतल्या योसेमिटीमध्ये एल कॅपिटन नावाचा उभा कडा आहे. त्याच्या माथ्यावर मागच्या पायवाटेने चालतही जाता येतं, पण तसं गेलेल्याने ‘एल कॅपिटन सर केलं’ म्हटलं तर कुणी मानणार नाही. ‘नोज’ हा तिथला मार्ग वॉरन हार्डिंग आणि सोबत्यांनी १९५८ साली पहिल्यांदा चढला. कातळावरचे एकूण ४७ दिवस, अनेक खेपांत मिळून. तिथे ‘मार्ग चढला’ किंवा ‘मार्ग पूर्ण केला’ म्हणावं. ‘भिंत सर केली’ चालेल, ‘मार्ग सर केला’ जरा अडखळतं.

शेवटी व्याकरण, कारण प्रश्नात तेही होतं. ‘सर’ बदलत नाही, क्रियापद बदलतं: सुळका सर केला, भिंत सर केली, शिखर सर केलं. नुसतं नाव असेल तर शिखर मनात धरून नपुंसकलिंग वापरावं: एव्हरेस्ट सर केलं. ‘चढाई सर केली’ हे चूक, कारण चढाई ही कृती आहे, ती पूर्ण होते. ‘सर गाठलं’ हेही चूक. गाठायचा तो माथा. आणि कांचनजंगाबद्दल लिहायची वेळ आली तर माझं वाक्य असं असेल: बँड आणि ब्राउन यांनी २५ मे १९५५ रोजी कांचनजंगा सर केलं, माथा तेवढा सोडला.