आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) बग्गीच्या किटचे गिअरबॉक्स जोडताना काय काळजी घ्यावी? ग्रीस किती, स्क्रू किती घट्ट?

तुम्ही लिहिलंय की भाच्यासाठी तामिया कंपनीची टीटी-०२बी बग्गी आणलीये, पहिलंच किट आहे आणि मॅन्युअलमध्ये गिअरबॉक्सच्या पानावर येऊन गाडी अडलीये, ग्रीस किती लावायचं, स्क्रू किती कसायचे आणि काही चुकलं तर कळणार कसं. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण बाकी सगळं त्याच्यावरच आहे. बोटांनी फिरवून बघायचं. प्रत्येक टप्प्याला. डिफ (डिफरन्शियल, डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची डबी) बंद केला की फिरवा, गिअरबॉक्समध्ये ठेवला की फिरवा, कव्हरचे स्क्रू लावताना एकेक स्क्रूनंतर फिरवा आणि मोटर अगदी शेवटी बसवा. मोटर एकदा लागली की चुंबकाचा अटकाव हाताला जाणवतो आणि मग गिअर कुठे अडतोय ते कळतच नाही, आणि मोटरला काय, ती अडकलेला गिअरसुद्धा जोर लावून फिरवते, त्यात बॅटरी लवकर संपते, मोटर तापते आणि प्लॅस्टिकचे दाते जातात.

ही गाडी फोर व्हील ड्राइव्ह आहे, मधून एक लांब शाफ्ट जातो आणि पुढे एक मागे एक असे दोन डिफ. डिफच्या एका बाजूला मोठा दात्यांचा गिअर असतो आणि पहिल्यांदा जोडणाऱ्यांची सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. शाफ्ट एकाच दिशेने फिरतो पण पुढच्या डिफला तो मागून येऊन मिळतो आणि मागच्या डिफला पुढून, म्हणून दोन्हीकडची चाकं एकाच दिशेने फिरायला हवी असतील तर वरून बघताना मोठा गिअर पुढे ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध बाजूला मागे असायला पाहिजे. मॅन्युअलमधल्या चित्रात ते बरोबर दाखवलेलं असतं पण चित्र तिरकं असतं आणि डिफ उलटासुद्धा आरामात बसतो, काही अडत नाही, कव्हरही नीट लागतं. म्हणून दोन्ही गिअरबॉक्स आणि शाफ्ट बसले की मोटर लावायच्या आधी पुढची दोन्ही चाकं (चाकं नसतील तर डिफच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले कप, ज्यात चाकांकडे जाणारे दांडे अडकतात) एकत्र पुढच्या दिशेने फिरवा आणि मागची कुठे जातायत ते बघा. पुढे जात असतील तर छान. मागे जात असतील तर एक डिफ उलटा आहे, उघडा आणि फिरवून ठेवा. दोन्ही उलटे असतील तर मात्र ही टेस्ट पास होते आणि नंतर अॅक्सिलरेटर दाबला की गाडी रिव्हर्स जाते, तेव्हा चित्राशी एकदा ताडून बघाच.

आता डिफच्या आतलं. आत छोटे बेव्हल (शंकूसारखे तिरके) गिअर असतात, वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं म्हणून ही सोय. बंद केल्यावर मोठा गिअर एका हातात घट्ट धरा आणि एका बाजूचा कप फिरवा, दुसरा कप उलट्या दिशेने तेवढाच फिरला पाहिजे, खरखर नको, मध्येच टक् टक् नको. तसं लागलं तर बहुतेक वेळा कापलेल्या पार्टवर प्लॅस्टिकचा कोंब राहिलेला असतो. पार्ट ज्या प्लॅस्टिकच्या फ्रेमला चिकटून येतात तिच्यातून ते तोडताना पिरगाळून काढू नका, कटरने जरा लांबून कापा, मग दुसरा काप अगदी जवळून, आणि उरलेलं ब्लेडने खरवडा. गिअरच्या दात्यावरचा कोंब डोळ्याला दिसत नाही, नख फिरवलं की लागतो.

ग्रीस. पोळीवर शेवटी तूप पुसतो ना, बाहेरच्या गिअरच्या दात्यांवर तेवढाच थर. जास्त लावलं तर ते फेकलं जातं आणि धूळ धरतं, आणि आपल्याकडच्या मैदानावर धूळ किती असते ते सांगायला नको, ग्रीस आणि माती मिळून पॉलिश पेपरसारखी दाते खाते. डिफच्या आत मात्र गोष्ट वेगळी, तिथे जाड ग्रीस भरून डिफ मुद्दाम जड करता येतो म्हणजे हवेत उचललेलं चाक नुसतं गरगरत नाही. भाच्याला पहिल्यांदा गाडी चालवायचीये तर किटमध्ये आलेलं ग्रीस मॅन्युअल सांगतं तेवढं लावा, पुढचे प्रयोग नंतर.

स्क्रूबद्दल. हे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये स्वतःच आटे पाडतात, म्हणून डोकं कव्हरला टेकलं की थांबा, त्यानंतरचा अर्धा फेरासुद्धा आटे मारू शकतो. आणि कधी उघडून परत लावायची वेळ आली तर आधी स्क्रू हलकेच उलटा फिरवा, एका जागी बारीकसा टक् लागतो, म्हणजे तो जुन्या आट्यात बसला, मग सरळ कसा, नाहीतर नवे आटे पडतात आणि दोन-तीन वेळात भोक ढिलं होतं. स्क्रूड्रायव्हर जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचा नंबर २ मिळाला तर जरूर घ्या, घरातला नेहमीचा फिलिप्स या स्क्रूत पूर्ण बसत नाही आणि डोक्याची फुली गोल करून टाकतो. ३x८ आणि ३x१० (३ मिमी जाड, ८ किंवा १० मिमी लांब) स्क्रूंची अदलाबदल करू नका, मॅन्युअलमध्ये स्क्रूची चित्रं खऱ्या मापाची छापलेली असतात, शंका आली की स्क्रू कागदावर आडवा ठेवून बघायचा.

जमत असेल तर किटमधल्या बुशऐवजी (शाफ्टला आधार देणाऱ्या साध्या रिंगा) ११५० नंबरचे बेअरिंग आत्ताच टाका (५ मिमी आतून, ११ बाहेरून, ४ जाडी), नंतर टाकायचे म्हणजे सगळा गिअरबॉक्स परत उघडणं आलं. माझ्या मते पहिला जास्तीचा खर्च करायचा तर इथेच, मोटरवर नाही.

शिम म्हणजे कागदासारखे पातळ वॉशर, ०.१ किंवा ०.२ मिमीचे. सगळ्या किटमध्ये लागत नाहीत. गिअर गच्च बसत असेल किंवा जास्त खुळखुळत असेल तर एका बाजूचा शिम काढून दुसऱ्या बाजूला टाकतात, डिफ तेवढा सरकतो. मोठा गिअर हलवून बघितला की अगदी जरासा प्ले (मोकळी हालचाल) जाणवला पाहिजे, शून्य नको.

मोटरच्या पिनियनचा (मोटरच्या शाफ्टवर बसणाऱ्या छोट्या गिअरचा) छोटा स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावरच यायला हवा, १.५ मिमी अॅलन कीने. धातूला धातू असल्यामुळे तिथे निळ्या थ्रेडलॉकचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक ठिपका चालतो, प्लॅस्टिकला मात्र ते लागू देऊ नका, तडे जातात.

शेवटी बरेच प्लॅस्टिकचे पार्ट उरतील, घाबरू नका, त्याच फ्रेमवर दुसऱ्या मॉडेलचेही पार्ट असतात. पण गिअर, बेअरिंग किंवा शाफ्टची पिन उरली असेल तर कव्हर परत उघडा.