फायनल, फायनल २ आणि खरंच फायनल

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावर आहेत, कंपनीतल्या फायली, डॉक्युमेंट्स आणि त्यावर बसवायचा एआय. म्हणून सगळी जागा त्यालाच.

प्रश्न: सर, आमचा शेअर्ड ड्राइव्ह बारा-तेरा वर्षं जुना आहे, आत काय काय पडलंय ते कुणालाच धड माहीत नाही. आता मॅनेजमेंट म्हणतंय यावर एआय असिस्टंट बसवू, कुणीही साध्या भाषेत विचारलं की उत्तर हजर. आयटीत मी एकटीच नको म्हणतेय. माझं चुकतंय का?

नाही हो, पण नुसतं नको म्हणून भागणार नाही कारण गोष्ट खरंच कामाची आहे. या सिस्टिम्स बहुतेक रॅग नावाच्या पद्धतीवर चालतात, हे नाव २०२०च्या एका रिसर्च पेपरमधून आलं. तुमच्या फायलींचे छोटे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचा अर्थ आकड्यांच्या रूपात म्हणजे व्हेक्टर करून साठवायचा, मग कुणी काही विचारलं की त्या प्रश्नाच्या जवळ जाणारे तुकडे शोधून मॉडेलपुढे टाकायचे आणि मॉडेल त्यावरून उत्तर लिहितं. त्यामुळे 'सुट्टी' असं विचारलं तरी 'रजा' लिहिलेलं सर्क्युलर सापडतं, जे जुन्या सर्चला जमायचं नाही.

आता तुमच्याकडची परिस्थिती बघा. फोल्डरमध्ये 'प्रवास भत्ता फायनल', 'प्रवास भत्ता फायनल २' आणि 'प्रवास भत्ता खरंच फायनल' अशा तीन फायली असणार, असतातच. तिन्हीतला मजकूर जवळपास सारखा, फरक फक्त भत्त्याच्या रकमेत. व्हेक्टरच्या दृष्टीनं तिन्ही भाऊ-भाऊ, त्यातली लागू कुठली हे मशीनला कळायला काही मार्गच नाही, जो तुकडा वर आला त्यावरून उत्तर जाणार आणि तेही इतक्या छान भाषेत की विचारणाऱ्याला शंकासुद्धा येणार नाही. पूर्वी माणूस फोल्डर उघडून तीन फायली बघून निदान कुणाला तरी फोन करायचा.

दुसरी गोष्ट परमिशनची, आणि मला जास्त काळजी हिचीच वाटते. मायक्रोसॉफ्टचं ३६५ कोपायलट (असाच एक एआय असिस्टंट) नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपन्यांसाठी खुलं झालं, ते वापरणाऱ्याला जेवढा ॲक्सेस आहे तेवढंच दाखवतं. ऐकायला बरं वाटतं, पण कुणीतरी कधीकाळी घाईघाईत 'सगळ्यांना' म्हणून शेअर केलेली पगाराची शीट सगळ्यांच्या ॲक्सेसमध्येच आहे ना, आजवर लपून राहिली ती फक्त कुणाला पाथ माहीत नव्हता म्हणून. आता पाथ माहीत असायची गरजच उरली नाही.

तेव्हा मॅनेजमेंटला नाही म्हणू नका, एकच विभाग मागून घ्या. एचआर पॉलिसी घ्या, तिथे प्रश्नही जास्त येतात. प्रत्येक डॉक्युमेंटला एक मालक, एकच लागू व्हर्जन, बाकीचं असिस्टंट ज्यात शोधतो त्या इंडेक्सच्या बाहेर, आर्काइव्हमध्ये. आणि सुरू करायच्या आधी सगळ्यात नवीन जॉइन झालेल्या माणसासारखाच ॲक्सेस असलेलं एक टेस्ट लॉगिन बनवून त्यातून मुद्दाम 'कुणाला किती पगार आहे' असं विचारून बघा. जे काही बाहेर येईल त्याचा स्क्रीनशॉट तुमच्या दहा ईमेलपेक्षा जास्त काम करेल.

प्रश्न: दादा, मी अकाउंट्समध्ये आहे. एक व्हेंडर म्हणतोय त्यांचा एआय कुठलंही बिल वाचतो, टेम्प्लेट बनवावं लागत नाही. खरं की थापा?

बरंचसं खरं आहे. जुन्या ओसीआरला, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला, प्रत्येक सप्लायरच्या बिलासाठी 'रक्कम इथे असते, तारीख तिथे असते' असं शिकवावं लागायचं, आताची मॉडेल्स पान बघून मांडणी स्वतः समजून घेतात. पण चुकांचं स्वरूप बदललंय. जुना ओसीआर चुकला की बहुतेक वेळा विचित्र अक्षरांचा कचरा यायचा, लगेच दिसायचं. नवीन मॉडेलला आकडा नीट दिसला नाही तर ते शोभेलसा आकडा बसवून मोकळं होऊ शकतं.

यावरून २०१३ची गोष्ट आठवते. डेव्हिड क्रिझेल नावाच्या जर्मन संशोधकाला दिसलं की झेरॉक्सच्या काही मशीन्सवर स्कॅन केलेल्या बांधकामाच्या नकाशात खोल्यांची क्षेत्रफळंच बदलतायत, मूळ कागदावर २१.११ आणि स्कॅनमध्ये स्वच्छ, सुवाच्य १४.१३. तो एआय नव्हता, फाइल छोटी करणाऱ्या कॉम्प्रेशनने सारखे दिसणारे तुकडे एकमेकांच्या जागी वापरले होते. पण धडधडीत चुकीचा आकडा अगदी खरा वाटतो हा त्रास तोच.

म्हणून व्हेंडरला अचूकता किती टक्के ते विचारत बसू नका, ओळींची बेरीज टोटलशी जुळते का, पर्चेस ऑर्डरशी मॅच होतं का, बँक खातं आपल्या मास्टरमधलंच, म्हणजे सप्लायरांच्या पक्क्या यादीतलंच, आहे का हे चेक आपोआप लागतात का ते विचारा. डेमोला त्याची चकचकीत बिलं नको, तुमची घडी पडलेली, आकड्यावरच शिक्का मारलेली बिलं द्या. आणि मूळ इमेज जपून ठेवायचीच.

प्रश्न: ईसीएम, म्हणजे कंपनीची सगळी डॉक्युमेंट्स सांभाळणारं सॉफ्टवेअर, मेलं असं ऐकलं. आम्ही तर आत्ताच घेतोय!

घ्या की. गार्टनर या आयटी रिसर्च कंपनीने २०१७ मध्ये ते नाव सोडून 'कंटेंट सर्व्हिसेस' म्हणायला सुरुवात केली. सगळं एकाच मोठ्या रिपॉझिटरीत आणून कोंबायचं हा हट्ट गेला, आता डॉक्युमेंट जिथे आहे तिथे राहू देऊन एपीआयने, म्हणजे सॉफ्टवेअरनं सॉफ्टवेअरशी बोलायच्या ठरलेल्या वाटेनं, जोडतात. जोडायचं स्टँडर्ड २०१० मध्येच आलं होतं, सीएमआयएस, आता एआयला बाहेरच्या सिस्टिम्सशी जोडायला अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेला एमसीपी हा प्रोटोकॉल चर्चेत आहे. प्रॉडक्टचे मालक मात्र बदलत राहतात, डॉक्युमेंटम हे ईसीएम प्रॉडक्ट २००३ मध्ये ईएमसी कंपनीकडे गेलं आणि २०१७ मध्ये ओपनटेक्स्ट कंपनीकडे. म्हणून सही करण्याआधी एकच विचारा, उद्या बाहेर पडायचं तर मेटाडेटा (फाइल कुणाची, कधीची वगैरे नोंदी), जुनी व्हर्जन्स आणि ऑडिट हिस्टरी कुठल्या फॉरमॅटमध्ये हातात मिळणार? फायली सगळेच देतात.

प्रश्न: मीटिंगचं रेकॉर्डिंग, ट्रान्सक्रिप्ट आणि एआय समरी, तिन्ही ठेवायचं का?

सवयीनं नको. कुठल्या मीटिंगचं काय आणि किती दिवस ठेवायचं ते आधी ठरवून लिहून ठेवा, मग त्यानुसार आपोआप डिलीट होऊ द्या, कायदेशीर वाद चालू असेल तर ते डिलीट थांबवता आलं पाहिजे. समरीला मिनिट्स, म्हणजे मीटिंगचं अधिकृत इतिवृत्त, समजू नका, कुणीतरी वाचून मान्य केल्याशिवाय ती मिनिट्स नाहीत. आणि एक जागा लोक हमखास विसरतात, ती म्हणजे व्हेक्टर इंडेक्स, वर सांगितलेले फायलींचे तुकडे जिथे साठतात ती. फाइल डिलीट केली तरी तिचे तुकडे तिथे राहू शकतात आणि असिस्टंट त्यातून निवांत उत्तरं देत राहतो. युरोपातल्या लोकांचा डेटा असेल तर तिथल्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यात, जो २५ मे २०१८ पासून लागू आहे, माणसाला आपली माहिती पुसून मागायचा हक्क आहे, तेव्हा पुसणं म्हणजे सगळीकडून पुसणं.

प्रश्न: करार वीस वर्षं टिकवायचेत. ब्लॉकचेन घ्यावं का?

नको. पीडीएफ/ए मध्ये ठेवा, २००५ पासूनचं आयएसओ स्टँडर्ड आहे, फॉन्ट वगैरे सगळं फाइलमध्येच असतं. सोबत हॅश (फाइलचा डिजिटल ठसा, एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो) आणि टाइमस्टॅम्प, म्हणजे तारीख-वेळेचा डिजिटल शिक्का. डिजिटल सही असेल तर तिचं सर्टिफिकेट काही वर्षांत एक्स्पायर होतं, म्हणून सही तपासायला लागणारी माहिती आत्ताच फाइलमध्ये घालून ठेवा, नंतर ती गोळा करायला गेलात तर मिळेलच असं नाही.